जुन्या कॅटमरानचा रास्त भाव

शिडाच्या छोट्या कॅटमरानचे भाग हाताच्या बोटांवर मोजता येतात. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन अरुंद, बंद होड्या, त्यांना हल म्हणतात; दोघींना जोडणारी ॲल्युमिनियमची चौकट; चौकटीत ताणून बांधलेले जाड कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन; एक डोलकाठी, दोन शिडे आणि दोन सुकाणू. इंजिन नाही, केबिन नाही. जुना ट्रॅक्टर किती तास चालला हे त्याचे मीटर सांगते, जुन्या मोटारीचे किलोमीटर समोर दिसतात. या बोटीवर तसा आकडा कुठेच नसतो. म्हणून तिचा भाव काढताना प्रत्येक भागाचे उरलेले आयुष्य हाताने चाचपून पाहावे लागते.

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटींमुळे कॅटमरान हा शब्द मराठी माणसाच्या ओळखीचा झाला. मूळ शब्द तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडे. तो ओंडक्यांचा तराफा होता; दोन हलांची बोट पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची. इंग्रजांनी एकाचे नाव दुसऱ्याला दिले आणि ते टिकले. कोकणातल्या होडीला बाजूने लाकडाचा ओंडका जोडून तोल सांभाळतात, त्या उलांडीची रचनाही याच कुळातली. आजच्या छोट्या कॅटमरानचा सर्वांत पसरलेला नमुना म्हणजे होबी १६. कॅलिफोर्नियातले लाटांवरच्या फळ्या बनवणारे होबी आल्टर यांनी १९७० च्या सुमारास ती बाजारात आणली आणि आजवर अशा एक लाखाहून अधिक बोटी तयार झाल्या. लांबी पाच मीटरच्या किंचित वर, रुंदी २.४१ मीटर, डोलकाठी आठ मीटर, वजन सुमारे १४५ किलो. मोजमापे एकदा लक्षात ठेवावीत, पुढे ती कामास येतात.

एवढ्या मोठ्या संख्येने तयार झालेल्या बोटीला परदेशात ठरलेला बाजारभाव असतो. भारतात तसा नाही. मुंबई, मांडवा आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर, सैन्यदलांच्या नौकानयन केंद्रांत आणि काही जलक्रीडा व्यावसायिकांकडे अशा बोटी असतात. त्यातली एखादी कधीतरी विक्रीला निघते. वर्षभरात जिथे मोजकेच व्यवहार होतात तिथे शेजारचा व्यवहार पाहून भाव काढता येत नाही. मग वरून खाली यावे लागते: तशीच नवी बोट आज मुंबईत आणून उभी करायला काय पडेल, इथून सुरुवात. त्यात बोटीची मूळ किंमत, कंटेनरचे भाडे, सीमाशुल्क आणि जीएसटी येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा आणि विहाराच्या नौकांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. नवी बोट महागली की जुनीचा भावही थोडा वर सरकतो, कारण घेणाऱ्यापुढचा दुसरा पर्याय महागलेला असतो. परदेशी जाहिरातीतला डॉलरचा आकडा रुपयांत बदलून विक्रेत्याच्या तोंडावर फेकणे म्हणूनच निरर्थक आहे. त्या आकड्यात समुद्रावरचा प्रवास आणि जकात नसते. शिवाय तो मागितलेला भाव असतो; सौदा कितीला तुटला हे जाहिरात सांगत नाही.

नमुना कोणता यालाही किंमत असते. टोर्नेडो ही कॅटमरान १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होती. ती वगळली गेली आणि २०१६ पासून नाक्रा १७ आली. शर्यतीतून बाहेर पडलेल्या नमुन्याची बोट वेगात कुठेच कमी पडत नाही, पण तिचे शीड, सुकाणू, सांधे मिळवणे दरवर्षी अवघड होत जाते. अजून बनत असलेल्या नमुन्याची दहा वर्षांची बोट आणि बंद पडलेल्या नमुन्याची पाच वर्षांची बोट यांत पहिलीला जास्त मोल द्यावे.

वय मात्र माणसाच्या सांगण्यावरून धरू नये. खानदेशातल्या बैलबाजारात जनावराचे तोंड उघडून दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला हे गिऱ्हाईक स्वतः पाहतो. मालकाचे बोलणे नंतर. बोटीचे दात तिच्या मागच्या टोकाला, उजव्या हलावर असतात. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या प्रत्येक बोटीवर बारा अक्षरांचा क्रमांक कोरणे सक्तीचे आहे. ऑगस्ट १९८४ पासूनच्या पद्धतीत त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष दाखवतात. युरोपीय बोटींवर चौदा अक्षरे असतात, आरंभी देशाची खूण, शेवटी वर्ष. क्रमांक घासून काढलेला दिसला किंवा त्यावर रंगाचा थर असला तर तिथेच थांबून कारण विचारावे. दोन्ही हल एकाच वर्षाचे आहेत ना, हेही पाहावे. अपघातानंतर एक हल दुसऱ्या बोटीचा लावलेला असणे अशक्य नाही. वय कळले म्हणून भाव कळत नाही. वीस वर्षे शेडमध्ये राहिलेली बोट पाच वर्षे उन्हात पडलेल्या बोटीपेक्षा तरुण असू शकते.

सारा सौदा हलावर येऊन ठेपतो. बाकी प्रत्येक भाग बदलता येतो. हल गेला की बोट गेली. होबी १६ चा हल म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये फोमचा थर, दोन पापुद्र्यांमध्ये पुरण भरल्यासारखा. तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असेपर्यंत तो ताठ आणि हलका असतो. पाणी मुरले, वर्षानुवर्षे ऊन लागले किंवा एकाच जागी पाय पडत राहिले की पापुद्रा फोमपासून सुटतो. बाहेरून चकचकीत दिसणारा भाग आतून पोकळ झालेला असतो. तापीच्या वाळूतले टरबूज विकत घेताना माणूस त्यावर टिचकी मारून कान लावतो, तशीच ही परीक्षा. रुपयाचे नाणे घेऊन हलावर चार-चार बोटांच्या अंतराने हलके ठोकत जायचे. चांगल्या जागी टण्ण असा कोरडा आवाज येतो. सुटलेल्या जागी तो भद्द होतो, बसतो. त्या जागी अंगठ्याने दाबले तर पृष्ठभाग आत जातो आणि सोडल्यावर वर येतो. पुढच्या आडव्या दांड्याच्या लगेच पुढचा, हलाचा वरचा भाग सर्वांत आधी मऊ पडतो, म्हणून ठोकायला तिथून सुरुवात करावी. प्रत्येक मऊ जागेभोवती खडूने वर्तुळ काढावे. शेवटी हलावर जितकी वर्तुळे, तितके बोलायला आधार. तळहाताएवढी जागा छिद्रांतून इपॉक्सी भरून पुन्हा घट्ट करता येते. हातभर लांबीचा पट्टा मऊ असेल, विशेषतः बाजूने, तर दुरुस्तीवर भरवसा ठेवू नये आणि अशा बोटीला फक्त सुट्या भागांची किंमत द्यावी.

तळ वेगळा पाहावा लागतो. होबी १६ ला पाण्यात खाली सोडायची फळी नसते. हलाचा आकारच ते काम करतो आणि म्हणूनच ती वाळूवर सरळ ओढत आणता येते. गैरसोय अशी की प्रत्येक खेपेला तळ थोडा घासला जातो. सर्वांत खाली टेकणाऱ्या रेषेवर जेलकोटचा, म्हणजे वरचा गुळगुळीत थर संपून काचेचे धागे दिसू लागले असतील तर तळाला नवा थर द्यावा लागणार. हे काम करता येण्याजोगे आहे, पण वजन वाढवते.

गळती पाहण्यासाठी बोट पाण्यात उतरवायची गरज नसते. मागचे पाणी काढायचे बूच उघडायचे, हवेसाठी ठेवलेले बारीक छिद्र असेल तर ते चिकटपट्टीने बंद करायचे, बुचाच्या तोंडाला नळी लावून तोंडाने फुंकायचे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवायचे. जिथे बुडबुडे, तिथे वाट. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावण्याचा मोह टाळावा; त्या दाबाने चांगला सांधाही उकलतो आणि मग नुकसान कोणाचे, यावर भांडण.

मुरलेले पाणी काट्यावर दिसते. होबी १६ चे ठरलेले वजन १४५ किलो आहे. कापूस किंवा केळी मोजायचा साधा प्लॅटफॉर्म काटा यासाठी पुरतो: चौकट सोडवून दोन्ही हल एकेक करून ठेवायचे. एका हलात आणि दुसऱ्यात चार-पाच किलोंचा फरक निघाला तर जड हलात पाणी आहे किंवा मोठी दुरुस्ती झालेली आहे. ट्रकच्या वे-ब्रिजचा इथे उपयोग नाही. पाच किलो त्याच्या हिशेबात धुळीएवढे. सारी बोट वीस किलोंनी जड असेल तर ती चालेल, पण शर्यतीत मागे पडेल, आणि शर्यतीसाठी घेणाऱ्याने तसा भाव कमी द्यावा. सुट्टीच्या दिवशी मुलांना फिरवण्यासाठी घेणाऱ्याला त्या वीस किलोंचे फारसे दुःख नाही. एकाच बोटीचे दोन गिऱ्हाइकांना दोन रास्त भाव असू शकतात, ते असे.

चौकटीची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. एका हलाचे पुढचे टोक हातात धरून उचलायचे. सांधे घट्ट असतील तर दुसऱ्या हलाचे टोकही लगेच वर येते. ढिले असतील तर पहिले वीतभर उठेपर्यंत दुसरे जमिनीवरच बसून राहते. कोपऱ्यांच्या ओतीव सांध्यांत बारीक तडे शोधावेत. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे स्क्रू आणि रिव्हेट बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जोडी एकमेकांना खाते आणि रिव्हेटभोवती पांढरी पूड फुटते. थोडी पूड नेहमीची. रिव्हेट बोटाने हलत असेल तर ती नेहमीची नव्हे. गोड्या पाण्यात वापरलेली बोट या बाबतीत बरीच बरी असते, आणि विक्रेत्याने तसे सांगितले तर पूड आहे की नाही हे पाहून खरे-खोटे तिथल्या तिथे कळते.

ट्रॅम्पोलिन, शिडे आणि दोर हे झिजणारे सामान, त्यांचा शत्रू ऊन. ट्रॅम्पोलिनच्या शिवणीवर नखाने ओढले आणि धागा तुटला तर कापड कितीही चांगले दिसो, ते संपले. शिडाचे कापड नवे असताना कागदासारखे कडकडते. वापराने ते मऊ होते आणि जुन्या सुती धोतरासारखे हातात लोळू लागते. मऊ शीड वारा धरत नाही, त्याचे पोट फुगते आणि बोट वाऱ्याच्या दिशेने चढू शकत नाही. शीड उन्हासमोर धरून आरपार पाहावे. सुईएवढी छिद्रे दिसली की हिशेब स्पष्ट. सुकाणूंबद्दल फार बोलण्यासारखे नाही: खिळी बदलायची असते, सैलपणा जास्त असेल तर बुश बदलायचे असते, आणि उथळ पाण्यात आपोआप वर उचलणारा खटका बसतो की नाही एवढे पाहायचे.

डोलकाठीला मात्र वेळ द्यावा. विजेच्या खांबाला ताण देतात तशी ती तीन स्टीलच्या तारांवर उभी असते, एक पुढे आणि दोन बाजूंना. त्यातली एक तुटली की आठ मीटरची काठी माणसांच्या डोक्यावर येते. चिंध्यांचा बोळा तारेवरून फिरवावा; तुटलेला एखादाही पीळ असेल तर तो बोळ्यात अडकतो. तार जिथे टोपणात दाबून बसवलेली असते तिथे गंज आणि तडा शोधावा. तारा कधी बदलल्या याची पावती नसेल तर त्या आजच बदलायच्या आहेत असे धरून चालावे. काठी जमिनीवर आडवी ठेवून तिच्या खाचेतून एका डोळ्याने नजर टाकली की वाक दिसतो. काही बोटींत काठीचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा नसून फायबरचा असतो. धातूची काठी विजेच्या तारेला लागून अमेरिकेत माणसे दगावली, त्यानंतर हा बदल आला. भुसावळच्या दीपनगर वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारांच्या मुलखात ही बाब कोरडी माहिती राहत नाही: काठी उभी करायची जागा आधी वर पाहून निवडावी, आणि फायबरच्या टोकाची काठी असेल तर तिला थोडे अधिक मोल देणे शहाणपणाचे.

आता हिशेब. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. समजा नवी बोट मुंबईत आणून १२ लाख रुपयांना पडते, आणि दहा वर्षांची, धड हलांची, झिजणारे सामान अर्धे वापरलेले अशी बोट ५ लाखांना योग्य वाटते. हाती आलेल्या बोटीची शिडे संपलेली आहेत. नवा जोड १ लाख ६० हजारांचा. पुष्कळ गिऱ्हाइके इथे पूर्ण १ लाख ६० हजार वजा करायला निघतात. ते बरोबर नाही. ५ लाखांत अर्ध्या आयुष्याची शिडे धरलेलीच होती. नवी शिडे घातली की घेणाऱ्याकडे पूर्ण आयुष्य येते. वजावट फक्त अर्ध्याची, ८० हजारांची. उलट, विक्रेत्याने गेल्या वर्षी ४० हजारांचे ट्रॅम्पोलिन घातले असेल तर तो ४० हजार मागतो. त्याचाही हक्क अर्ध्यापुरताच, २० हजार. ३० हजारांच्या तारा बेभरवशाच्या, १५ हजार वजा. तळहाताएवढी मऊ जागा, दुरुस्तीचा खर्च आणि मनातली शंका मिळून २० हजार वजा. उत्तर ४ लाख ५ हजार. या पद्धतीचा फायदा असा की दोन्ही बाजू एकूण रकमेवर भांडत नाहीत. भांडण झालेच तर एखाद्या शिडावर होते, आणि शीड समोर पसरून मिटते.

हलच गेलेल्या बोटीची तळाची किंमत निराळी काढतात: डोलकाठी, सुकाणू, सांधे, चौकट वेगवेगळे विकून किती येतील. परदेशात हा आकडा किरकोळ असतो. भारतात सुटा भाग मागवायला आठवडे जातात आणि त्यावर शुल्क पडते, त्यामुळे मृत बोटीही इथे बऱ्यापैकी किमतीच्या असतात. दोन बोटी बाळगणारा माणूस तिसरी मेलेली बोट आनंदाने घेतो.

भुसावळजवळच्या वरणगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्या गिऱ्हाइकाला आणखी एक हिशेब करावा लागतो. जवळच तापीवर १९८२ साली पूर्ण झालेले ४१ दरवाजांचे हतनूर धरण आहे, त्याचा फुगवटा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे पसरलेला. पाणी आहे, पण अशा बोटींचा बाजार नाही. बोट मुंबईहूनच यायची, कसारा घाट चढून, धुळे-जळगाव-भुसावळमार्गे सुमारे साडेचारशे किलोमीटर. २.४१ मीटर रुंदीची जोडलेली बोट ट्रकच्या बहुतेक हौद्यांत बसत नाही, म्हणून ती सुटी करून आणतात. आणि सुटी केली तरी आठ मीटरची काठी हौद्याबाहेर येते, त्यामुळे लांब गाडी शोधावी लागते. हा खर्च बोटीचा दोष नाही, विक्रेत्याकडून तो वजा करून मागणे अन्यायाचे ठरेल. पण गिऱ्हाइकाने आपली वरची मर्यादा ठरवताना तो धरलाच पाहिजे, आणि दोनदा धरला पाहिजे, कारण उद्या बोट विकायची वेळ आली तर तिला परत किनाऱ्यावर न्यायचे भाडेही त्याच्याच डोक्यावर. अलिबागचा माणूस त्याच बोटीला जास्त देऊ शकतो. त्याला त्यात तोटा नाही.

हतनूरच्या पाण्यात मीठ नाही, गाळ मात्र भरपूर आहे. काठावर बोट ओढताना तो सुकाणूच्या खटक्यात आणि सांध्यांत बसतो. त्याहून मोठा शत्रू भुसावळ परिसराचा उन्हाळा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्यावर ठेवलेला गडद रंगाचा हल आतून इतका तापतो की थर सुटायला सुरुवात होते. म्हणून इथे वापरायच्या बोटीत पांढऱ्या हलाला गडद हलापेक्षा थोडा जास्त भाव द्यायला हरकत नाही, आणि बूच उघडे ठेवून बोट साठवायची, म्हणजे आतली गरम हवा हल फुगवत नाही.

कागदपत्रांवर बोलणे शेवटी येते, पैसे देण्याच्या मात्र आधी. बोट ही जंगम मालमत्ता. १९३० च्या माल-विक्री कायद्याचे कलम २७ सांगते की विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीची किंवा कर्जात अडकलेली बोट घेतली तर पैसे आणि बोट दोन्ही जाण्याची वेळ येते. त्याच कायद्याचे कलम १६ माल पारखण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्यावर टाकते. म्हणून परदेशी बोटीचे आयातीचे बिल ऑफ एंट्री पाहावे, त्यावरचा बोटीचा क्रमांक हलावरच्या क्रमांकाशी ताडावा. बिल ऑफ एंट्री नसलेली आयात बोट कितीही स्वस्त असली तरी महागच. खासगी मालक आपली वापरलेली बोट विकतो तेव्हा त्यावर सहसा जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत व्यावसायिकाकडून घेतल्यास लागू शकतो, तेव्हा भाव करासह की कराशिवाय हे बोलण्याच्या सुरुवातीलाच विचारून घ्यावे. जलाशयावर बोट उतरवण्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, ती बोट घेण्याच्या आधी मिळते का हे तपासावे.

वेळेचाही भाव असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने शिडाच्या बोटी पाण्याबाहेर असतात. मे महिन्याच्या शेवटी विक्रेत्यापुढे बोट सोडवून, झाकून, भाड्याच्या जागेत ठेवण्याचा खर्च उभा असतो आणि तो थोडा नरम पडतो. ऑक्टोबरात तोच माणूस ताठ असतो. मे महिन्यात घेणाऱ्याला मात्र पाण्यावर चालवून पाहायची संधी अनेकदा मिळत नाही. ती मिळाली तर मध्यम वाऱ्यात तासभर बोट चालवावी, परत आल्यावर दोन्ही बुचे उघडून हलांची मागची टोके खाली करावीत आणि आतून निघणारे पाणी एका भांड्यात धरावे. पेलाभर निघाले तर ठरलेला भाव द्यावा. बादली भरली तर साबणाचे पाणी घेऊन पुन्हा सांध्यांकडे जावे.